ओठ फुटले की बेंबीत तेल?

थंडी पडली की घरोघरी एक सल्ला ठरलेला असतो: झोपताना बेंबीत दोन थेंब तेल घाल, सकाळी ओठ मऊ. कुणी खोबरेल सांगतं, कुणी एरंडेल, कुणी साजूक तूप. गर्भातल्या बाळाला सगळं पोषण नाळेतून मिळतं हे खरं. पण नाळ कापल्यावर त्या रक्तवाहिन्या मिटतात आणि पुढे त्यांचे नुसते तंतू उरतात. बेंबीतून ओठापर्यंत तेल नेणारी वाट शरीरात नाही. मग काहींना गुण येतो तो कसा? एक तर तेलाचं तेच बोट जाता जाता ओठांवरूनही फिरतं, नाहीतर साधे फुटलेले ओठ चार दिवसांत आपसूक भरून येतात. तेल लावायचंच तर ओठांना लावा, बेंबीचा वळसा कशाला?

दुसरं ठेवणीतलं निदान म्हणजे ‘उष्णता झालीये, पाणी पीत नाहीस’. जुलाब-उलट्यांनी शरीरातलं पाणी खरोखरच घटलं तर ओठ सुकतात. पण धडधाकट माणसाने आणखी दोन तांबे रिचवले म्हणून ओठांना ओल येत नाही. अडचण ओठांच्या घडणीतच आहे. ओठाच्या लाल भागाला केस नाहीत, घामाच्या ग्रंथी नाहीत आणि तेलाच्या ग्रंथीही जवळजवळ नाहीत. गालाला, कपाळाला मिळतं ते घरचं वंगण ओठांना मिळत नाही. वरचा थरही इतका पातळ असतो की खालच्या केशवाहिन्यांतलं रक्त आरपार दिसतं. ओठांची लाली ती हीच. काहींच्या ओठाच्या कडेला रव्याएवढे पिवळसर कण दिसतात, ते ओळ चुकलेल्या तेलग्रंथींचे असतात. निरुपद्रवी असतात, दाबून फोडत बसू नये.

म्हणून आत काय बिघडलं हे शोधण्याआधी ओठांना बाहेरून काय काय लागतं ते पाहावं. त्यात पहिला नंबर आपल्याच जिभेचा. ओठ सुकले की जीभ फिरते, क्षणभर बरं वाटतं. मग थुंकी उडून जाते आणि ओठ आधीपेक्षा कोरडे होतात. शिवाय थुंकीत अन्न पचवणारी द्रव्यं असतात, ती त्या नाजूक थराला झोंबतात. शाळकरी मुलांच्या तोंडाभोवती कधी कधी लालसर-काळपट खरबरीत गोल उमटतो. नीट पाहिलं तर त्याची कड बरोबर जीभ पोचते तिथेच संपते. आई समजते काहीतरी बाधलं, पोरगं मात्र दिवसभर चाटत असतं. नाक चोंदल्यामुळे तोंडाने श्वास घेणाऱ्यांचे ओठही असेच सुकतात. तिथे इलाज नाकाचा करावा लागतो.

‘लिप बामची सवय लागते, मग त्याच्याशिवाय ओठ राहत नाहीत’ हेही ऐकू येतं. दारू-तंबाखूसारखं व्यसन बामचं लागत नाही. पण तक्रारीत थोडं तथ्य आहे. मेंथॉल, कापूर, दालचिनी किंवा मिंटचा स्वाद असलेल्या कांड्या काहींच्या ओठांना चुरचुरतात. चुरचुरलं की ओठ आणखी सोलवटतात आणि हात पुन्हा कांडीकडे जातो. ओठ बरेच होत नसतील तर टूथपेस्टवरही संशय घ्यावा, तिच्यातल्या स्वादाचीही ॲलर्जी होते. सगळ्यांत साधी म्हणून सगळ्यांत भरवशाची वस्तू म्हणजे बिनवासाची पेट्रोलियम जेली. नावात पेट्रोल दिसतं म्हणून लोक बिचकतात. पण १८७२ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट चेसब्रो यांनी तिचं पेटंट घेतलं तेव्हापासून ती वापरात आहे आणि शुद्ध केलेली जेली ओठांना अपाय करत नाही. ती ओल देत नाही, असलेली ओल कोंडून ठेवते. त्यामुळे तोंड धुतल्यावर, ओठ दमट असतानाच लावावी. घरचं तूप साधारण हेच काम करतं. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचे ओठ फुटतात. त्यांनी तर डबी खिशातच ठेवावी.

ओठांचे दोन्ही कोपरे चिरले, जांभई देताना आग झाली, की मेडिकलमधून बी-कॉम्प्लेक्सची पट्टी येते. रायबोफ्लेविन, म्हणजे ब-२ जीवनसत्त्व, कमी पडलं तर कोपरे चिरतात, हे बरोबरच आहे. पण कारणांची यादी तिथे संपत नाही. कवळी झिजलेल्या आजोबांच्या गालाची घडी तोंडाच्या कोपऱ्यावर उतरते, तिथे लाळ साचते आणि त्या ओलीत बुरशी माजते. अशा वेळी गोळ्यांनी काही होत नाही. बुरशीचं मलम लागतं आणि कवळी नवी करावी लागते. बाईमाणसाला हा त्रास वरचेवर होत असेल, सोबत थकवा असेल, तर हिमोग्लोबिन पाहावं. लोहाची कमतरता इथेही दिसते. कोपरे पुन्हा पुन्हा चिरत असतील तर साखरही तपासून घ्यावी.

तापानंतर ओठाच्या कडेला पुटकुळ्यांचा झुपका येतो, त्याला जुन्या बायका ‘ताप मुतला’ म्हणतात. नव्या पिढीचं निदान ‘गरम खाल्लंस’ किंवा ‘पाल फिरली असेल’. पाल निर्दोष आहे. हे काम हर्पिस सिम्प्लेक्स नावाच्या विषाणूचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगातल्या पन्नाशीच्या आतल्या सुमारे ६४ टक्के लोकांच्या शरीरात त्याचा पहिला प्रकार मुक्कामाला असतो. बहुतेकांना तो लहानपणीच, कुणाच्या तरी पाप्यातून मिळालेला असतो. तो चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या मुळाशी दडून बसतो आणि ताप, कडक ऊन, जागरण असं निमित्त मिळालं की त्याच ठिकाणी उगवतो. आधी मुंग्या येतात, मग पुटकुळ्या, मग खपली. आठ-दहा दिवसांत सगळं निवळतं. डॉक्टरांनी लिहून दिलेलं ॲसायक्लोव्हिर मुंग्या येताहेत तेव्हाच सुरू केलं तर फायदा. खपली धरल्यावर फारसा नाही. इथे एक घोडचूक सर्रास होते: खाज-गजकर्णासाठी घरात पडलेली स्टेरॉइडची ट्यूब चोपडली जाते आणि विषाणूला रान मोकळं मिळतं. पुटकुळ्या असताना तान्ह्या बाळाचा पापा घेऊ नये. नवजात बाळाला हा संसर्ग जिवावर बेतू शकतो.

काळे ओठ दिसले की ‘सिगारेट ओढतो वाटतं’ हा शेरा हमखास. धुराने ओठ काळवंडतात, हे खरं. पण आपल्याकडे कित्येकांचे ओठ जन्मतःच सावळे असतात, त्यात दोष काहीच नाही. अचानक एकाच जागी काळा-जांभळा डाग आला असेल, तर गेल्या दोन दिवसांत कोणती गोळी घेतली ते आठवा. सल्फा, टेट्रासायक्लिन, काही वेदनाशामकं यांची एक ॲलर्जी अशी असते की दर वेळी ओठाच्या नेमक्या त्याच जागी चट्टा उठतो आणि मागे काळा डाग ठेवतो. लोक डागावर लिंबू-साखर घासतात. लिंबाचा रस लागलेल्या कातडीवर ऊन पडलं तर ती भाजून आणखी काळी होऊ शकते, त्यामुळे हा उपाय उलटतो. आणि लिपस्टिकवर सोन्याची अंगठी घासून शिसं ओळखायचा व्हॉट्सॲपवरचा प्रयोग निव्वळ करमणूक आहे. मेणकट पदार्थावर धातू घासला की काळी रेघ येऊ शकते, तिचा शिशाशी संबंध नाही. शिसं प्रयोगशाळेतच कळतं.

ओठ एकदम सुजला की ‘किडा चावला’ म्हणून घर गप्प बसतं. रक्तदाबासाठी एनालाप्रिल, रामिप्रिल अशी ‘प्रिल’ने संपणारी गोळी चालू असेल तर सूज तिचीही असू शकते, आणि गोळी कित्येक महिने किंवा वर्षं सोसल्यानंतरही येऊ शकते. जीभ जड वाटली, श्वास अडला, तर तडक दवाखाना गाठावा.

शेवटी तंबाखू. ‘मिश्रीने दात घट्ट होतात’ असं मानून तिचं बोट हिरड्यांवर फिरवणाऱ्या बाया खेडोपाडी आजही आहेत. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. गोऱ्या लोकांच्या देशांत खालच्या ओठाच्या कर्करोगाचं मोठं कारण ऊन असतं, म्हणून तिथे एसपीएफ ३० चा बाम सांगतात. शेतात, रस्त्यावर दिवसभर राबणाऱ्यांना तो इथेही उपयोगी. पण आपल्याकडचा खरा धोका खालच्या ओठात भरलेला तंबाखू-चुन्याचा बार. तो रोज जिथे ठेवला जातो तिथे आधी पांढरट, सुरकुतलेला चट्टा पडतो. दुखत नाही म्हणून कुणी पाहत नाही. ओठ खाली ओढून आरशात पाहायला अर्धं मिनिट लागतं. तीन आठवड्यांत न भरलेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, हाताला लागणारी कडक गाठ दिसली तर दंतवैद्याला दाखवावी. ते तुकडा काढून तपासायला सांगतील, आणि तिथेच नातेवाईक अडवतात: ‘सुरी लागली की पसरतं.’ हा समज लोकांना महिनोन्‌महिने घरी बसवतो. तेवढी जागा बधिर करून मसुराएवढा तुकडा काढतात, काम काही मिनिटांचं असतं. त्या तुकड्यामुळे ओठाचा कर्करोग पसरत नाही. निदान झाल्याशिवाय उपचार मात्र सुरूच होऊ शकत नाहीत.