आधी पत्रा, मग कमान

पद्मिनी मागून बसली की मालक सरळ कमानवाल्याकडे जातो. तिथे मूळ पाट्यांत एक जादा पाटा घालून मिळतो, गाडी चार बोटं वर येते आणि काम झाल्यासारखं वाटतं. मग कधीतरी खड्ड्यात मागून ‘खाड्’ असा आवाज यायला लागतो. तोवर कमान ज्या पत्र्याला लटकलेली असते, तो पत्राच फाटायला लागलेला असतो आणि गाडी डेंटरकडे न्यावी लागते.

कुर्ल्यातल्या एका गल्लीत, स्टँडवर चढवलेल्या अशाच एका पद्मिनीखाली मी आडवा होऊन पाहत होतो. गाडी 1986 सालची, मालक अलिबागचे. वर्षभर खारं वारं, पावसाळ्यात अंगणातला चिखल, आणि डिकीत सीएनजीची पोलादी टाकी. रिकामी असली तरी तिचं वजन 50-60 किलोंच्या घरात. गाडीचा आराखडा झाला तेव्हा हे ओझं कुणाच्या हिशेबात नव्हतं, आणि ते सीटवरच्या माणसासारखं उतरतही नाही. रात्री गाडी उभी असतानाही कमानींवर असतंच.

जुन्या जीपला खाली स्वतंत्र चेसीस असते. बॉडी गंजली तरी चाकं, कमानी, इंजिन आपापल्या जागी राहतात. पद्मिनीला तशी चेसीस नाही. इटलीत 1953 साली आलेल्या फियाट 1100 च्या नव्या मॉडेलपासून ही रचना चालत आली आहे: पातळ पत्र्याच्या पोकळ पेट्या, एकमेकींना स्पॉट वेल्डनं जोडलेल्या, आणि सगळी ताकद त्या जोडणीत. तीच गाडी प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं 1964 पासून फियाट 1100 डिलाइट म्हणून बनवली आणि 1974 पासून तिला पद्मिनी हे नाव मिळालं. म्हणजे इथे गंजलेला पत्रा हा दिसण्याचा प्रश्न राहत नाही. गाडीचं हाडच गेलेलं असतं.

मागचं काम समजून घ्यायचं तर कमानीच्या दोन टोकांकडे पाहावं. पुढचा डोळा एका बोल्टनं बॉडीच्या हँगरमध्ये पक्का असतो. मागचा डोळा शॅकलवर झुलतो, कारण दबल्यावर कमान सरळ होते आणि लांबी वाढते. त्या लांबीला कुठेतरी जागा द्यावी लागते. वजन दोन्ही टोकं वाहतात. पण मागची चाकं गाडीला पुढे ढकलतात तो रेटा, आणि ब्रेक दाबल्यावरची ओढ, हे बॉडीपर्यंत पोचतं ते पुढच्या डोळ्यातून. म्हणून पुढचा हँगर जास्त महत्त्वाचा. दुर्दैवानं चाकानं उडवलेला चिखल त्याच्याच मागच्या खोबणीत बसतो आणि पाऊस संपल्यावरही कितीतरी दिवस ओला राहतो.

गाडीचं काम करणाऱ्या मिस्त्रींनी आधी कशालाही हत्यार लावलं नाही. छोटी हातोडी घेऊन ते पेटीवर ठोकत गेले. चांगला पत्रा टणक वाजतो, कुजलेला भद्द. आवाज बदलला तिथे खडूची खूण. मग स्क्रू-ड्रायव्हरचं टोक दाबून पाहिलं. उजव्या हँगरजवळ ते काळ्या रंगाच्या जाड थरातून आत गेलंच नाही, आणि मिस्त्रींचा चेहरा त्यानं जास्त पडला. ग्राइंडर फिरवल्यावर खालून निघाली 5 मिलिमीटरची पट्टी, आधी कुणीतरी कडेनं वेल्ड मारून बसवलेली. ती कापून काढली तेव्हा आतला मूळ पत्रा पापुद्र्या-पापुद्र्यांनी हातात आला.

“काका, ही पट्टी गंजाला चिकटवलीय,” मिस्त्री मालकांना म्हणाले. “धरून ठेवायला खाली काहीच नव्हतं.”

या प्रकाराबद्दल मला मनापासून राग आहे. पट्टी मारणारा पैसे घेतो, काळा रंग फासतो, आणि गंजाला अंधार, ओलावा आणि निवांतपणा मिळवून देतो. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. दोन पत्र्यांच्या मधे तो वाढला की जोड फाकतात, स्पॉट वेल्ड उखडतात, त्या फटीतून आणखी पाणी आत. मीठ असेल तर हे सगळं झपाट्यानं होतं. शिवाय 1 मिलिमीटरच्या आसपासच्या पत्र्यावर 5 मिलिमीटरची पट्टी बसवली की पट्टी वाकत नाही, पत्रा वाकतो, आणि तोही नेमका पट्टीच्या कडेला. कागद घडीवर फाटतो तसा तो त्या रेषेत चिरत जातो.

कापण्याआधीचा वेळ बघण्यासारखा होता. बॅटरीची वायर काढली. मागची पेट्रोल टाकी उतरवून गल्लीच्या दुसऱ्या टोकाला नेली, सीएनजीची टाकी बाहेर गेली, डिकीतलं अस्तर निघालं, भिजवलेलं गोणपाट आणि पाण्याची बादली जवळ आली. मग मापं. दोन्ही बाजूंच्या हँगरच्या भोकांमधली अंतरं, आणि समोरासमोरचे दोन कर्ण. पेटी कापल्यावर गाडी आपल्याच वजनानं किंचित वाकू शकते, आणि त्याच अवस्थेत वेल्ड झाली तर मागचा अॅक्सल कायमचा तिरका बसतो. म्हणून आतून आडवा लोखंडी अँगल टाकून दाराच्या फटी पुन्हा तपासल्या. दार मोकळं उघडतंय-मिटतंय हे पाहिल्यावरच कटिंग व्हील लागलं.

कापायचं किती? मिस्त्री चमकता, पूर्ण जाडीचा पत्रा लागेपर्यंत कापत गेले, आणि भोक खडूच्या खुणेपेक्षा बरंच मोठं झालं. मालक अस्वस्थ झाले. पण वेल्ड फक्त निरोगी लोखंडालाच धरते; पातळ झालेल्या कडेवर ठिणगी पडली की ती वितळून भोक आणखी मोठं होतं.

तयार हँगर आता सहज मिळत नाहीत, असं मिस्त्री म्हणाले. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस रस्त्यावरून उतरली. टॅक्सीवाल्यांच्या जोरावर चालणारा सुट्या भागांचा बाजारही सोबत आटत गेला. त्यामुळे पुठ्ठ्याचा नमुना कापून 16 गेजच्या पत्र्यावर, म्हणजे साधारण 1.6 मिलिमीटर जाडीवर, हँगरची पेटी घडवली. आत बोल्टसाठी पोलादी नळीचा तुकडा घातला. ही नळी नसेल तर बोल्ट आवळताना पोकळ पेटी चेपते.

वेल्डिंग सीओटूचं. सलग रेघ ओढली तर पातळ पत्रा तापून लाटांसारखा वर येतो, म्हणून एक टाका इथे, दुसरा वितभर लांब, मधे थांबायचं. मजबुतीची पट्टी त्यानंतर, आणि तीही पत्र्याच्याच जाडीच्या जवळपासची. तिची टोकं गोलाकार आणि निमुळती ठेवली, शेजारच्या पेटीवर लांबवर नेली, आणि भोकं पाडून प्लग वेल्डनं ठिकठिकाणी धरली. भार एका रेषेवर न येता पसरावा, यासाठी एवढा खटाटोप. एका जागी पत्र्याला बारीक चीर होती. तिच्या टोकाशी 3 मिलिमीटरचं भोक पाडून मग ती भरली, नाहीतर चीर वेल्डच्या पुढे सरकत राहते.

उरलेल्या गंजाला वायर ब्रश, मग फॉस्फोरिक आम्लाचं गंजरोधक द्रावण, झिंक प्रायमर, जोडांवर सीलर. पेटीच्या तळाची पाणी निघायची भोकं तारेनं साफ केली आणि बाटलीभर पाणी आत ओतलं. डावीकडून धार आली, उजवीकडून नाही. नव्या पट्टीनं एक भोक झाकलं होतं. ते पुन्हा पाडलं, प्रायमर लावला, पेटी वाळवली आणि मगच आत पातळ मेण फवारलं.

कमान शेवटी. पाटे सुटे करून घासले, थकलेल्या पाट्यांना कमानवाल्यानं थंडच ठोकून बाक परत दिला. पाट्यांचं पोलाद पाणी दिलेलं असतं. गॅसनं तापवलं तर त्याचा ताठा जातो. काकांना जादा पाटा हवाच होता. मिस्त्री ऐकेनात. कडक कमान खड्ड्याचा दणका गिळत नाही, तो हँगरकडे ढकलते. जाडीचा हिशेब तर आणखी कठोर आहे: पाटा दुप्पट जाड केला तर कडकपणा आठपट होतो. अखेर सीएनजीची टाकी कायमची काढायची आणि आरटीओत तशी नोंद करून घ्यायची, यावर दोघांचं जमलं.

यू-बोल्ट नवे घेतले, कारण जुने एकदा ताणले गेलेले असतात. डोळ्यांचे आणि शॅकलचे बोल्ट मात्र सैलच ठेवून गाडी चाकांवर उतरवली, मागे दोन पोरं बसवली, गाडी हलवून घेतली आणि त्या उंचीवर बोल्ट आवळले. हवेत आवळले तर रबरी बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. कर्ण पुन्हा मोजले. दोन्ही आधीच्या मापाला जुळले. दोन-तीनशे किलोमीटर झाल्यावर यू-बोल्ट परत आवळायला या, आणि तोवर डिकीत काही भरू नका, असं मिस्त्रींनी काकांना दोनदा सांगितलं.