इवल्या पंखांची आठवण

घरातलं वडीलधारं माणूस गेलं की त्याच्यामागे वस्तू राहतात. अब्बांचा चष्मा, नानीची तसबीह, दादांची काठी, अम्मीच्या हातची गोधडी. या वस्तू कुणी मुद्दाम जपून ठेवत नाही, पण कपाट आवरताना एखादी हाती लागते आणि घर क्षणभर थांबतं. कुणी तरी एखादी आठवण सांगतं, कुणी मगफिरतची दुआ करतं. गेलेलं माणूस असं अधूनमधून घरात येऊन जातं.

पण जे बाळ पोटातच गेलं, किंवा या जगात येऊन चार तासही राहिलं नाही, त्याच्यामागे काय राहतं? हॉस्पिटलची फाइल आणि औषधांची बिलं. सातव्या महिन्यापासून हौसेने जमवलेली झबली, दुपटी, मोजे तर आई हॉस्पिटलमधून घरी यायच्या आधीच घरातली माणसं आवरून टाकतात. हेतू चांगला असतो, तिच्या नजरेला पडू नयेत एवढाच. पण ती घरी येते तेव्हा तिचं बाळ होतं याची एकही खूण घरात उरलेली नसते.

मग भेटायला येणाऱ्या बायका समजूत घालतात. "अजून वय आहे, दुसरं होईल." "अल्लाहची अमानत होती, त्याने परत घेतली." "बरं झालं, लळा लागायच्या आधीच गेलं." यातलं शेवटचं वाक्य सर्वांत जास्त लागतं, कारण लळा लागायला बाळ मांडीवर यावं लागत नाही. पहिल्यांदा पोटात हालचाल जाणवली त्या दिवसापासून आईला तो लागलेला असतो. बापाची गोष्ट आणखी वेगळी. इवलासा कफन हातात धरून तो कब्रस्तानात जाऊन येतो आणि दुसऱ्या दिवशी कामावर. त्याला तर कुणी विचारतही नाही.

हे दुःख काही थोड्या घरांचं नाही. युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे १९ लाख बाळं मृत जन्मतात. त्याआधी झालेले गर्भपात यात धरलेले नाहीत.

दूरच्या देशातली एक रीत

अमेरिकेत आणि युरोपात गेल्या काही दशकांत या मुक्या दुःखाला बोलतं करण्याचे प्रयत्न झाले. १९८८ साली अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी ऑक्टोबर महिना गर्भात आणि तान्हेपणी गेलेल्या बाळांच्या स्मरणाचा म्हणून जाहीर केला. आज अनेक देशांत १५ ऑक्टोबरच्या संध्याकाळी असे आईबाप घरात मेणबत्ती लावून बसतात. जर्मनीत ५०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या मृत जन्मलेल्या बाळाची सरकारदरबारी नोंदच होत नसे. २०१३ मध्ये कायदा बदलला आणि अशा बाळाचं नाव लिहून घेण्याचा हक्क आईबापांना मिळाला. त्या बाळांना तिथे 'ताऱ्यांची मुलं' म्हणतात.

याच देशांत एक छोटी रीत रुजली, क्रोशाने विणलेल्या इवल्या फरिश्त्याची. बोटभर उंचीचा, पांढऱ्या सुताचा. गोल डोकं, घेरदार झगा आणि पाठीला दोन पंख. मुळात ही नाताळच्या झाडावर टांगायची शोभेची वस्तू. पण हळूहळू बायका तो गेलेल्या माणसाच्या आठवणीसाठी विणू लागल्या, आणि विशेष करून बाळ गमावलेल्या आईसाठी. विणणारी बहुधा त्या आईला ओळखतही नसते. बऱ्याच जणी चेहरा कोराच ठेवतात, डोळे नाहीत की ओठ नाहीत. ज्याचं त्याचं बाळ ज्याने त्याने मनात पाहावं.

ब्रिटनमधल्या अनेक हॉस्पिटलांत अशा आईबापांना आठवणींची एक पेटी दिली जाते. तीत बाळाच्या पावलांचा ठसा घ्यायची सोय असते, जावळाची बट ठेवायला पाकीट असतं आणि बहुतेकदा एकसारख्या दोन छोट्या वस्तू असतात. एक बाळाबरोबर जाते, दुसरी आईबापांकडे राहते. जोडीतलं एक तिकडे, एक इकडे.

दुःखाच्या काळात क्रोशाची सुई हाती येणं तसं नवं नाही. आयर्लंडमध्ये १८४५ नंतर बटाट्याचं पीक कुजून भीषण दुष्काळ पडला, तेव्हा तिथल्या बायकांनी क्रोशाची लेस विणून घरं जगवली. क्लोन्स या गावात १८४७ मध्ये एका पाद्र्याच्या पत्नीने, कॅसांड्रा हँड यांनी, हे काम सुरू करून दिलं आणि गावाचं नावच त्या लेसला मिळालं. आपल्या देशात आंध्रातल्या नरसापूरच्या बायका पिढ्यानपिढ्या याच सुईवर संसार चालवत आल्या आहेत. आपल्या घरांतही ही कला परकी नाही. नमाजची जाळीची टोपी, टेबलावरचा रुमाल, दाराचं तोरण हे सगळं आपल्या नानी-खालांच्या हातचं आपण पाहिलेलं आहे.

आपण याकडे कसं पाहावं?

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. गेलेलं मूल फरिश्ता झालं असं तिकडे म्हणतात, पण आपली श्रद्धा तशी नाही. फरिश्ते नूरापासून निर्माण झालेली अल्लाहची वेगळी मखलूक आहे. त्यांना पंख असल्याचा उल्लेख कुरआनच्या सूरह फातिरच्या पहिल्याच आयतीत आहे. माणूस मातीचा, आणि मेल्यावरही तो माणूसच राहतो. पण आपल्याकडे जो दिलासा आहे तो याहून कमी नाही. लहानपणी गेलेली मुलं हजरत इब्राहीम (अ.) यांच्या सोबत असल्याचं हदीसमध्ये आलं आहे. ज्या आईची मुलं तिच्याआधी गेली आणि तिने सबर केला, तिच्यासाठी ती मुलं जहन्नमच्या आगीपासून आड होतील, हेही सहीह हदीसमध्ये आहे.

सबर म्हणजे रडायचं नाही असं आपण धरून चाललो आहोत. प्रेषित मुहम्मद (स.) यांचे पुत्र इब्राहीम दोन वर्षांचेही झाले नव्हते तेव्हा गेले. प्रेषितांनी (स.) त्यांना जवळ घेतलं तेव्हा डोळ्यांतून अश्रू वाहत होते. सोबतच्यांना आश्चर्य वाटलं, तर ही दयाच आहे असं त्यांनी सांगितलं. त्याच दिवशी सूर्यग्रहण झालं. लोक म्हणू लागले की इब्राहीमच्या निधनामुळेच सूर्य काळवंडला. प्रेषितांनी (स.) लगेच सांगितलं, की चंद्र-सूर्याला कुणाच्या जन्मामरणाने ग्रहण लागत नाही. डोळ्यांत पाणी होतं आणि श्रद्धा जागेवर होती. आपल्या घरातल्या सुनेच्या, लेकीच्या अश्रूंना आपण याहून कडक नियम का लावावा?

काही घरांत कुठलीही आकृती ठेवणं योग्य मानलं जात नाही. त्यांनी डोकं आणि झगा सोडून नुसती पंखांची जोडी विणावी, किंवा छोटं पान, फूल, बोटभर लांबीची टोपी. आणि दफनाच्या वेळी कब्रीत कफनाशिवाय काही ठेवायची आपली रीत नाही, म्हणून ब्रिटनमधली ती जोडी आपल्याला तशीच घेता येणार नाही. पण जोडीची कल्पना सोडायचं कारण नाही. तिचं काय करता येईल ते पुढे सांगते.

फरिश्ता विणायचा तो असा

साहित्य अगदी थोडं लागतं. चार पदरी पांढरा सुती दोरा, ३ मिलिमीटरची क्रोशाची सुई, मूठभर कापूस आणि शिवायची सुई. यात दोनच टाके आहेत. मुका खांब म्हणजे सुई टाक्यात घालून दोरा ओढून घ्यायचा आणि सुईवरचे दोन्ही फासे एकदम सोडवायचे. खांब म्हणजे आधी सुईवर एक वेढा घ्यायचा, दोरा ओढायचा आणि फासे दोन-दोन करून सोडवायचे.

डोक्यासाठी बोटाभोवती दोऱ्याचा सैल वेढा घेऊन त्यात ६ मुके खांब घाला आणि वेढा ओढून घट्ट करा. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन-दोन, म्हणजे १२. तिसऱ्या फेरीत एका टाक्यात एक, पुढच्यात दोन, म्हणजे १८. पुढच्या तीन फेऱ्या न वाढवता १८ च्याच विणा. सातव्या फेरीत एक टाका साधा, पुढचे दोन एकत्र, असं करत १२ वर या. आता कापूस भरा. अम्मीच्या जुन्या गोधडीतला कापूस किंवा आजीच्या ओढणीचा तुकडा जपून ठेवला असेल, तर तो भरायची जागा हीच. आठव्या फेरीत दोन-दोन टाके एकत्र घेत ६ वर या. ही मान झाली.

तिथूनच झगा सुरू करा. मानेच्या प्रत्येक टाक्यात दोन खांब, म्हणजे १२. पुढच्या फेरीत पुन्हा प्रत्येकात दोन, म्हणजे २४. त्यानंतर तीन फेऱ्या २४ खांबांच्याच. प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला ३ साखळ्या घाला, त्या पहिला खांब म्हणून मोजा. शेवटी कड: एक टाका सोडा, पुढच्या एकाच टाक्यात ५ खांब घाला, एक टाका सोडा, पुढच्यात मुका खांब. असं सहा वेळा केलं की सहा पाकळ्यांची झालर तयार होते.

पंखासाठी ४ साखळ्यांचं कडं करा. त्यात ३ साखळ्या आणि ७ खांब घालून उलटा, आणि पुढच्या ओळीत प्रत्येक खांबावर दोन-दोन खांब घाला. छोटा पंखा उघडल्यासारखा आकार येतो. असे दोन विणून मानेच्या मागे शिवा. उभं ठेवायचं असेल तर साडीला देतो तशी साबुदाण्याची पातळ खळ द्या आणि झग्यात कागदाचा सुळका घालून सावलीत वाळवा. उंची साधारण ८ सेंटीमीटर भरते. सवयीच्या हाताला एक-दोन संध्याकाळी पुरतात. ही आठवणीची वस्तू आहे, खेळणं नाही, म्हणून लहान मुलांच्या हाती देऊ नका.

विणून दुःख जातं असं कुणी म्हणणार नाही. पण टाके मोजताना मनाला एका जागी टेकायला मिळतं, आणि समोरासमोर बसून जे बोलता येत नाही ते दोघी मान खाली घालून विणत असताना सहज बोललं जातं. म्हणून शक्य असेल तर हे काम तिच्यासाठी करण्यापेक्षा तिच्याबरोबर बसून करा. मात्र तिची इच्छा नसेल तर आग्रह नको. आणि कित्येक आठवडे झोप नाही, अन्न जात नाही, जगावंसं वाटत नाही असं ती म्हणाली, तर तिला डॉक्टरांकडे घेऊन जा. तिथे सुईदोरा पुरा पडत नाही.

जोडीतलं दुसरं

एक वस्तू आईच्या पेटीत राहील. जोडीतली दुसरी एखाद्या जगणाऱ्या बाळासाठी असावी. दिवसाआधी जन्मलेल्या बाळाच्या डोक्यातून शरीराची ऊब पटकन निघून जाते, म्हणून त्याला टोपी लागतेच. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ च्या सुमारास कांगारू मातृसेवा सुरू झाली. बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ऊब द्यायची ही पद्धत आज आपल्या सरकारी हॉस्पिटलांतही आहे. त्यातही बाळाच्या अंगावर टोपी, मोजे आणि लंगोट एवढंच असतं.

टोपी मऊ सुती दोऱ्याची, मुक्या खांबांची विणा. जाळी नको, तिच्यातून ऊब निघून जाते. डोक्यासारखंच वर्तुळ वाढवत न्या, ते ८-९ सेंटीमीटर रुंद झालं की वाढवणं थांबवा आणि ६-७ सेंटीमीटर सरळ विणा. मणी, बटणं, फिती काही लावू नका. हॉस्पिटलात देण्याआधी तिथल्या परिचारिकेला विचारा, कारण प्रत्येक ठिकाणचे स्वच्छतेचे नियम वेगळे असतात. गेलेल्या बाळाच्या नावाने एका जिवंत बाळाचं डोकं उबेत राहिलं, तर त्याहून चांगला सदका कोणता?

कागदावरची आठवण

दोन गोष्टी घरातल्या पुरुषांनी लक्षात ठेवाव्यात. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात मृत जन्माचीही नोंद करण्याची तरतूद आहे, ती करून घ्यावी. आणि १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने नोकरदार स्त्रीला गर्भपातानंतरही सहा आठवड्यांच्या पगारी रजेचा हक्क दिला. अनेक बायका हे माहीत नसल्याने आठवड्याभरात कामावर परततात. डॉक्टरांचा दाखला घेऊन रजा मागावी. बाळाचं नाव, गुस्ल, जनाजाची नमाज याबाबत गर्भाचा काळ आणि मसलक यांप्रमाणे मसले वेगळे आहेत. अंदाजाने ठरवू नका, आपल्या इमामसाहेबांना विचारा.

आणि विणलेली ती छोटी वस्तू घेऊन कुणाच्या घरी जाल, तेव्हा समजूत घालणारी वाक्यं बरोबर नेऊ नका. वस्तू तिच्या हातात द्या, शेजारी बसा आणि एवढंच विचारा, "नाव काय ठेवणार होता बाळाचं?" कदाचित ती रडेल. रडू द्या. तिच्या बाळाचं नाव विचारणारं तोवर कुणी भेटलेलंच नसेल.