साखिरचे आठ तास

मनामापासून दक्षिणेला तीसेक किलोमीटरवर साखिर आहे. इथे झाड दिसलं तर ते कुणीतरी लावलेलं असतं आणि पाणी दिसलं तर कुणीतरी आणलेलं. जवळच जेबेल दुखान नावाचा डोंगर आहे, जेमतेम १३४ मीटर उंचीचा. तरी बहरीनमध्ये त्याच्यापेक्षा उंच जमीन नाही. त्याच्या पायथ्याशी १९३२ मध्ये तेल लागलं, आखाताच्या अरब बाजूला लागलेलं पहिलं तेल. त्याआधी या बेटाचं पोट मोत्यांवर चालायचं आणि ते मोती विक्रीला मुंबईच्या बाजारात यायचे. आज याच उजाड पट्ट्यात स्पोर्ट्‌स गाड्यांच्या जागतिक एन्ड्युरन्स स्पर्धेची, म्हणजे डब्ल्यूईसीची, शेवटची शर्यत होते. सलग आठ तासांची. जाहीर वेळापत्रकानुसार २०२६ चा मोसमही नोव्हेंबरमध्ये इथेच संपायचा आहे.

फ्रान्समधल्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीला जो मान आहे, तो साखिरला नाही. तिथे शंभर वर्षांची परंपरा आहे, लाखांची गर्दी आहे, रात्रभर पेटलेल्या शेकोट्या आहेत. साखिरला यातलं काहीच नाही. पण एक यंत्र आठ तासांत कसकसं झिजत जातं आणि ती झीज कोण आटोक्यात ठेवतं, हे ज्याला पाहायचं आहे त्याच्यासाठी साखिरइतकी उघडीवाघडी जागा दुसरी नाही, असं माझं ठाम मत आहे. इथे पाऊस येऊन खेळ बदलण्याचा संभव जवळजवळ नाही. झाडीत लपलेली वळणं नाहीत. ऊन, वाळू, डांबर आणि रबर, एवढ्यावरच सगळा निकाल लागतो.

सुरुवात डांबरापासूनच करायला हवी. हरमान टिल्के या जर्मन वास्तुतज्ज्ञाने आखलेला हा ट्रॅक २००४ मध्ये खुला झाला. त्याच वर्षी ४ एप्रिलला इथे मध्यपूर्वेतली पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली आणि ती मायकेल शूमाकरने जिंकली. मुख्य मार्ग ५.४१२ किलोमीटरचा, १५ वळणांचा. वाळवंटात ट्रॅक बांधणाऱ्यांपुढे पहिला प्रश्न उभा राहिला तो खडीचा. रस्त्यावरून गाड्या जाऊन जाऊन खडी गुळगुळीत होते आणि मग टायरला धरायला काही उरत नाही. म्हणून खडी थेट इंग्लंडमधून आणली, श्रॉपशायर परगण्यातल्या बेस्टन हिलच्या खाणीतून. तिथला ग्रेवॅक नावाचा दगड कितीही घासला तरी झिलई धरत नाही, खरखरीतच राहतो. जहाजं भरभरून तो दगड आखातात आला आणि डांबरात बसला. चालकांना त्यामुळे भरपूर पकड मिळाली. टायरकडून मात्र त्याने किंमत वसूल केली, आणि ती अजूनही दर शर्यतीत वसूल होते.

दुसरा प्रश्न वाळूचा. ट्रॅकभोवतीच्या वाळूवर चिकट द्रावण फवारून ती बसवण्याचा उपाय सुरुवातीलाच झाला. पण वारा उठला की लांबून उडत आलेल्या बारीक धुळीला कोण अडवणार? शुक्रवारी सरावात तासून स्वच्छ झालेली रेषा शनिवारी दुपारी पुन्हा धुळकट झालेली असते. तिच्यावरून पहिल्यांदा जाणाऱ्याची गाडी मागून सरकते. म्हणून पहिल्या काही फेऱ्यांत अनुभवी चालकसुद्धा वळणाच्या आत जरा बेतानेच शिरतात.

साखिरची आखणी म्हणजे लांब सरळ पट्टा, मग जोराचा ब्रेक, मग संथ वळण, मग पुन्हा पूर्ण जोर. पहिलं वळण असं, चौथं असं, चौदावं असं. वळणातून बाहेर पडताना चालकाने पाय दाबला की सगळा भार मागच्या चाकांवर येतो आणि तो खरखरीत दगड तिथलं रबर सोलून काढतो. दहावं वळण तर नुसतं छळतं. उताराला लागलेलं, बाहेरच्या बाजूला कललेलं डावं वळण, आणि ब्रेक मारायचा तोही गाडी आधीच वळत असताना. आतल्या बाजूचं पुढचं चाक हलकं होतं, जागीच अडकतं आणि क्षणभर धूर दिसतो. तो धूर दिसला की त्या टायरला एका जागी सपाट चट्टा पडलेला असतो. पुढचा सगळा टप्पा चालकाला तो हातात जाणवत राहतो.

यात संघांना टायर मोजून मिळतात. संपूर्ण शर्यतीसाठी ठरलेलाच साठा, त्यामुळे प्रत्येक थांब्याला चारही टायर नवे चढवावेत अशी चैन परवडत नाही. इंधनाचा एक टप्पा साधारण पाऊण ते एक तासाचा. तेच टायर दोन टप्पे चालवायचे की नाही, डाव्या बाजूला कठीण रबर आणि उजव्या बाजूला मऊ चालेल का, नवा संच आत्ता काढावा की शेवटच्या तासासाठी राखून ठेवावा, हे निर्णय पिटच्या भिंतीवर बसलेले अभियंते घेत असतात. त्यात डब्ल्यूईसीत २०२३ पासून टायर गरम करून चढवायला बंदी आहे. थंड टायरवर बाहेर पडलेली गाडी पहिली फेरी चाचपडत काढते आणि तेवढ्यात मागचा येऊन पुढे निघून जातो.

यानंतर येते संध्याकाळ, आणि माझ्या मते साखिरची खरी शर्यत तिथून सुरू होते. शर्यत स्थानिक वेळेनुसार दुपारी दोनला सुटते. नोव्हेंबरात तिथे सूर्य पाचच्या आतच मावळतो. म्हणजे जेमतेम तीन तास उन्हात आणि पाच तास प्रकाशझोतांखाली. दुपारी तापलेलं डांबर संध्याकाळी झपाट्याने निवतं. ज्या गाडीची बांधणी उन्हासाठी केली ती अंधारात अडखळू लागते. दुपारी मागे पडलेली गाडी अचानक जिवंत होते. इंजिनाला थंड हवा मिळते, टायर कमी वितळतात, पण ते गरम व्हायला आता जास्त वेळ लागतो. दुपारी दोनचा हिशेब सहा वाजता चालत नाही. मावळतीच्या वेळी पश्चिमेला तोंड असलेल्या पट्ट्यावर चालकाच्या डोळ्यांत ऊन जातं, ते निराळंच.

आणि हे सगळं रहदारीत. एकाच वेळी दोन वर्गांच्या मिळून छत्तीसच्या आसपास गाड्या ट्रॅकवर असतात. वरचा वर्ग हायपरकारचा. फेरारी, टोयोटा, कॅडिलॅक, बीएमडब्ल्यू, अल्पिन, प्यूजो, ॲस्टन मार्टिन, जेनेसिस या कंपन्यांची खास शर्यतीसाठी बांधलेली यंत्रं, किमान वजन १०३० किलो. खालचा वर्ग एलएमजीटी३ चा, म्हणजे रस्त्यावर दिसणाऱ्या स्पोर्ट्‌स गाड्यांची शर्यतीसाठी केलेली रूपं. या वर्गात प्रत्येक गाडीत ब्राँझ श्रेणीचा एक हौशी चालक घेणं सक्तीचं आहे. दोन्ही वर्गांत एका फेरीला पंधरा सेकंदांच्या आसपास फरक पडतो, त्यामुळे आघाडीची हायपरकार दर आठ-नऊ फेऱ्यांनी त्याच जीटी गाडीला पुन्हा गाठते. अंधारात आरशात दोन दिवे मोठे होत येताना पाहून आपली रेषा न सोडणं, आणि मागच्यालाही आपण काय करणार आहोत ते कळू देणं, ही या हौशी चालकांची कामगिरी मला फार मोलाची वाटते. पहिल्या आलेल्या गाडीचं नाव लोकांच्या लक्षात राहतं. पण ती गाडी पहिली येते त्यात या पंधरा-वीस माणसांच्या समजूतदारपणाचा मोठा वाटा असतो.

इंधनाची गोष्टही इथे सांगण्यासारखी. शर्यतीच्या नावातच बापको एनर्जीज या बहरीनच्या तेल कंपनीचं नाव आहे. पण गाड्यांच्या टाकीत जे भरलं जातं ते जमिनीतून काढलेलं नसतं. २०२२ पासून डब्ल्यूईसीत वाइन बनवताना उरणाऱ्या गाळ-चोथ्यापासून तयार केलेलं इंधन वापरतात. ज्या डोंगराच्या पायथ्याशी आखाताच्या तेलाचा इतिहास सुरू झाला, त्याच्या नजरेच्या टप्प्यात गाड्या द्राक्षांच्या उरलेल्या चोथ्यावर धावतात. हायपरकारमध्ये चाकांना शक्ती पोचवणाऱ्या दांड्यांवर सेन्सर बसवलेले असतात आणि एका टप्प्यात किती ऊर्जा खर्च करायची याची मर्यादा ठरलेली असते. त्यामुळे चालकाला नुसतं वेगात जाऊन भागत नाही. सरळ पट्ट्याच्या शेवटी ब्रेकच्या जरा आधी पाय उचलून थोडी ऊर्जा वाचवायची आणि तरी मागच्याला जवळ येऊ द्यायचं नाही, हे कसब पडद्यावर दिसत नाही. वेळांचे आकडे शांतपणे वाचणाऱ्यालाच ते कळतं.

मोसमाची अखेर इथे होत असल्याने साखिरने निरोपही पुष्कळ पाहिले. डब्ल्यूईसी सुरू झाली २०१२ मध्ये आणि त्याच वर्षी ती इथे आली. तेव्हा शर्यत सहा तासांची होती आणि ऑडीने ती जिंकली. १८ वर्षं या खेळात राहून ल मान्स १३ वेळा जिंकलेल्या ऑडीने आपली शेवटची शर्यतही इथेच धावली, नोव्हेंबर २०१६ मध्ये. लुकास दि ग्रासी, लॉइक दुवाल आणि ऑलिव्हर जार्विस यांची गाडी पहिली, दुसरी ऑडी तिच्या मागे. त्याच दिवशी पोर्शच्या मार्क वेबरनेही चालक म्हणून निवृत्ती घेतली. वर्षभराने पोर्शची ९१९ इथूनच परतली ती पुन्हा या स्पर्धेत आली नाही. टोयोटाच्या टीएस०५० ने २०२० मध्ये इथेच शेवटची शर्यत जिंकली. जीटीई प्रो हा कारखानदारांच्या जीटी गाड्यांचा वर्ग २०२२ मध्ये इथे संपला, आणि २०२३ नंतर एलएमपी२ हा खास शर्यतीच्या गाड्यांचा दुय्यम वर्ग ल मान्सपुरता उरला. पुन्हा मोठ्या तयारीने आलेल्या पोर्शने २०२५ मध्ये इथेच हायपरकार वर्गाचा निरोप घेतला. शेकडो माणसांनी वर्षानुवर्षं केलेलं काम एका रात्री दहा वाजता थांबतं. मेकॅनिक गाडीला हात लावून उभे असतात. हरलेले-जिंकलेले असा भेद त्या वेळी कुणी करत नाही.

जिंकण्याबाबत मात्र साखिरवर एकाचंच राज्य आहे. २०१७ पासून टोयोटाखेरीज दुसऱ्या कुणाला इथे पहिलं येता आलेलं नाही. आठ तासांची पहिली शर्यत झाली डिसेंबर २०१९ मध्ये, तीही त्यांचीच. मधली काही वर्षं त्यांना तोडीचे प्रतिस्पर्धी नव्हते, हे खरंच. पण गेल्या दोन शर्यतींना तो आक्षेप लागू होत नाही. २०२४ मध्ये टोयोटा कंपन्यांच्या गुणतक्त्यात पोर्शच्या मागे होती. आठ तासांच्या शर्यतीला विजेत्याला ३८ गुण मिळतात, नेहमीच्या सहा तासांच्या शर्यतीला २५. म्हणजे अखेरीला उलथापालथ शक्य असते. टोयोटाची एक गाडी बिघाडाने बाद झाली. दुसरीने शेवटच्या टप्प्यासाठी ताजे टायर घेतले, त्यात मागे पडली, आणि मग सेबास्तियन बुएमीने एकेक गाडी गाठत, मागे टाकत पहिला क्रमांक काढला. कंपन्यांचं अजिंक्यपद टोयोटाला मिळालं दोन गुणांनी. चालकांचं अजिंक्यपद पोर्शच्या एस्त्र, लॉटरर आणि वान्थूर यांनी नेलं. राखून ठेवलेल्या टायरच्या एका संचाने वर्षभराचा निकाल फिरवला, असं मला ती शर्यत आठवली की वाटतं.

त्यानंतर टोयोटा वर्षभर एकही शर्यत जिंकली नाही. २०२५ च्या नोव्हेंबरात पुन्हा साखिरला आली आणि पहिले दोन्ही क्रमांक घेऊन गेली. विजयी गाडीत होते कॉनवे, कोबायाशी आणि डी व्रीस. चौथ्या आलेल्या फेरारीच्या पियर गिडी, कॅलाडो आणि जोव्हिनाझी यांनी तेवढ्यावर चालकांचं अजिंक्यपद पक्कं केलं. फेरारीला कंपन्यांचं अजिंक्यपदही मिळालं. वरच्या वर्गातलं जागतिक एन्ड्युरन्स अजिंक्यपद त्यांनी याआधी मिळवलं होतं ते १९७२ मध्ये.

आपल्याकडच्यांची या ट्रॅकशी ओळख आहे. डब्ल्यूईसीच्या पहिल्याच मोसमात, २०१२ मध्ये, चेन्नईचा करुण चंडोक जेआरएम संघातून या स्पर्धेत उतरला आणि ल मान्सला धावणारा पहिला भारतीय ठरला. मुंबईच्या जेहान दारूवालाने फॉर्म्युला टूमधली आपली पहिली शर्यत डिसेंबर २०२० मध्ये साखिरलाच जिंकली, बाहेरच्या आखूड मार्गावर. हायपरकारमध्ये भारतीय चालक अजून दिसायचा आहे.

तो दिसण्याची एक वाटही साखिरमधूनच जाते. शर्यत संपली की दुसऱ्या दिवशी इथे नवोदितांची चाचणी होते. मोसमभर पळालेल्या गाड्या त्याच ट्रॅकवर नव्या हातांत दिल्या जातात. २०१७ मध्ये फर्नांडो अलोन्सो अशाच चाचणीत पहिल्यांदा टोयोटाच्या गाडीत बसला. पुढच्या जूनमध्ये तो ल मान्स जिंकला होता. २०२६ साठी जेनेसिस हायपरकारमध्ये उतरली आहे, २०२७ साठी फोर्ड आणि मॅक्लारेन यांनी येण्याची घोषणा केली आहे. म्हणजे चांगल्या चालकांची गरज वाढणारच आहे.

यंदाची शर्यत पाहायची असेल तर आपली घड्याळं बहरीनच्या अडीच तास पुढे आहेत. दुपारी दोनची सुरुवात ठेवली गेली तर आपल्याकडे साडेचार वाजलेले असतील आणि शेवट मध्यरात्रीनंतर साडेबाराला होईल. सगळी बघणं ज्यांना शक्य नाही त्यांनी संध्याकाळी सात ते नऊ ही वेळ सोडू नये. तिथे तेव्हा ऊन उतरत असतं. कोणत्या गाडीच्या फेरीच्या वेळा घसरतात आणि कोणत्या गाडीच्या सुधारतात ते वहीत टिपून ठेवावं, आणि शेवटच्या तासाला कुणाकडे नवे टायर शिल्लक आहेत ते समालोचकांकडून ऐकावं.