चित्रपटासाठी कॅमेरा घेताना...

इ. स. १९१२ मध्ये धुंडिराज गोविंद फाळके आयुर्विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून लंडनला गेले आणि त्यांनी विल्यमसन कॅमेरा मिळवला. कॅमेरा घरी आला, पण चित्रपट काढायला पैसा उरला नव्हता. मग वाटाण्याच्या रोपाची वाढ दिवसेंदिवस टिपून त्यांनी एक छोटी चित्रफीत तयार केली. ती पाहून भांडवल देणारे पुढे आले, शिवाय सरस्वतीबाईंचे दागिनेही कामी आले. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात झळकला तो त्यानंतर. आज कॅमेरा कितीतरी स्वस्त झाला आहे. तरीही पदरच्या पैशाने चित्रपट करू पाहणाऱ्यांची अडचण बरीचशी तीच आहे. बहुतेक पुंजी कॅमेऱ्यात अडकते आणि चित्रीकरणाच्या पहिल्याच दिवशी माइक, दिवे, प्रवास आणि पंधरा माणसांचे जेवण यांसाठी उसनवारी करावी लागते.

कॅमेऱ्याची किंमत आणि चित्रपटाचे यश यांचा थेट संबंध नाही, हे गेल्या पंचवीस-तीस वर्षांत अनेकदा दिसले आहे. ३५ मि.मी. फिल्मचे हजार फुटांचे रीळ जेमतेम अकरा मिनिटे चालत असे. १९९५ मध्ये डीव्ही पद्धत आली आणि हाताच्या तळव्यात मावणाऱ्या कॅसेटवर तासभर चित्रण होऊ लागले. १९९८ चा डॅनिश चित्रपट ‘फेस्टेन’ घरगुती वापराच्या सोनी कॅमेऱ्यावर चित्रित झाला. २००२ चा ‘ट्वेंटीएट डेज लेटर’ मुख्यतः कॅनन एक्सएल१ वर झाला. मालेगावात यंत्रमागाच्या गावातली मंडळी २००० च्या सुमारास साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर ‘मालेगाव के शोले’ काढत होती. त्यांच्याकडे सायकल हीच ट्रॉली आणि बैलगाडी हीच क्रेन होती. २००८ मध्ये कॅनन ५डी मार्क टू हा फोटोचा कॅमेरा पूर्ण एचडी चित्रण करू लागल्यावर चित्र आणखी पालटले. आसामच्या रिमा दास यांनी ‘व्हिलेज रॉकस्टार्स’चे दिग्दर्शन, छायाचित्रण आणि संकलन स्वतःच केले. त्या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कारांत सुवर्णकमळ मिळाले आणि २०१८ मध्ये तो भारतातर्फे ऑस्करसाठी पाठवला गेला. शॉन बेकर यांचा ‘टँजरिन’ (२०१५) आयफोन ५एसवर चित्रित झाला.

अर्थात या उदाहरणांचा उलटा अर्थ लावणेही बरे नव्हे. २०२३ चा ‘द क्रिएटर’ सोनी एफएक्स३ या तुलनेने स्वस्त कॅमेऱ्यावर झाला, ही बातमी दुकानदार आवर्जून सांगतात. त्या कॅमेऱ्यासमोर कोट्यवधी डॉलरची कला आणि प्रकाशयोजना उभी होती, आणि नंतर दृश्य-परिणामांच्या कारागिरांचा ताफा कामाला लागला होता, हे सांगायचे मात्र राहून जाते.

म्हणून पहिला प्रश्न कोणता कॅमेरा घ्यावा हा नसून कॅमेरा विकत घ्यावा की नाही हा आहे. पटकथा तयार आहे, कलाकारांच्या तारखा ठरल्या आहेत आणि काम आठ-दहा दिवसांत उरकायचे आहे, तर कॅमेरा भाड्याने घेणेच शहाणपणाचे. त्या भाड्यात विकत घेता येईल त्याहून कितीतरी वरच्या दर्जाचा कॅमेरा आणि भिंगे मिळतात. माहितीपट करणाऱ्याचे गणित वेगळे असते. एखाद्या वस्तीत वा गावात वर्षभर अधूनमधून जायचे असेल, प्रसंग कधी घडेल याचा नेम नसेल, तर कॅमेरा घरातच हवा. विवाह समारंभ, संस्थांचे कार्यक्रम अशी कामे करून कॅमेरा आपली किंमत फेडणार असेल, तरीही खरेदी समर्थनीय ठरते. केवळ ‘कॅमेरा आला की कथा सुचेल’ या आशेवर घेतलेले कॅमेरे पुढे जुन्या वस्तूंच्या बाजारात जवळपास नवे कोरे मिळतात. घेणाऱ्याचा त्यात फायदाच होतो!

विकत घ्यायचेच ठरले, तर जाहिरातीतील ‘फोर के’, ‘सिक्स के’ या आकड्यांपेक्षा रंगाची खोली आधी पाहावी. आठ बिटच्या चित्रात प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ छटा नोंदल्या जातात, दहा बिटमध्ये १०२४. संध्याकाळचे आकाश किंवा दिव्याखालची रंगवलेली भिंत संकलनात थोडी उजळ वा गडद केली की आठ बिटच्या चित्रात पट्टे उमटू लागतात. त्यामुळे रंगसंस्कार करायचा असेल तर दहा बिट आणि ४:२:२ पद्धतीचे चित्रण असणारा फोर के कॅमेरा हा आठ बिटच्या सिक्स के कॅमेऱ्यापेक्षा उपयुक्त ठरतो. चित्रपटगृहांतील प्रचलित टू के प्रक्षेपणाची रुंदी २०४८ बिंदूंची असते, हेही ध्यानात ठेवावे.

सेन्सरच्या आकाराबद्दल चर्चा फार होते. पूर्ण आकाराचा सेन्सर ३६ बाय २४ मि.मी., मायक्रो फोर थर्ड्सचा साधारण १७ बाय १३. मोठ्या सेन्सरवर अंधारात चित्र स्वच्छ येते आणि पार्श्वभूमी धूसर करणे सोपे जाते. पण त्याची भिंगे महाग आणि जड असतात, शिवाय फोकस सांभाळायला वेगळा माणूस नसेल तर निम्मी दृश्ये धूसर होण्याचा धोका असतो. एकट्याने काम करणाऱ्याला लहान सेन्सर कित्येकदा मानवतो.

आपल्याकडच्या परिस्थितीमुळे उद्भवणारे मुद्दे परदेशी परीक्षणांत क्वचितच येतात. भारतात वीज ५० हर्ट्झची आहे. शटर १/६० वर ठेवून ट्यूबलाइटखाली चित्रण केले की प्रकाश थरथरताना दिसतो. सेकंदाला २५ चौकटी आणि १/५० शटर हा सर्वांत निर्धोक मार्ग. २४ चौकटी ठेवल्या तरी शटर १/५० च असावे. २५ ने चित्रित केलेला शंभर मिनिटांचा चित्रपट पुढे २४ च्या वेगाने दाखवला तर तो सुमारे १०४ मिनिटांचा होतो, एवढाच फरक. अमेरिकेहून नातेवाइकांकरवी मागवलेल्या कॅमेऱ्यात २५ चौकटींची सोय आहे की नाही, हे म्हणूनच आधी विचारावे. त्याची वॉरंटी भारतात चालते का, हेही.

दुसरा मुद्दा उन्हाचा. अनेक कॅमेऱ्यांत ‘लॉग’ पद्धतीच्या चित्रणासाठी आयएसओ ८०० च्या आसपास ठेवावा लागतो. भर दुपारच्या उन्हात १/५० शटरला तेव्हा एफ/६४ इतके छिद्र लागेल आणि कॅमेऱ्याच्या नेहमीच्या भिंगांत तेवढे बारीक छिद्र नसते. एफ/४ वर काम करायचे तर आठ स्टॉपचा एनडी फिल्टर हवा. तो अंगभूत असलेला कॅमेरा मिळाल्यास उत्तम, अन्यथा चांगला फिल्टर खर्चात धरावा. शिवाय बहुतेक कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकेत ४० अंश सेल्सियसपर्यंतच वापराची मर्यादा दिलेली असते. मे महिन्यात विदर्भात काम करणाऱ्याने पंखा नसलेल्या छोट्या कॅमेऱ्यावर भिस्त ठेवू नये.

आवाज हा तर उपेक्षित विषय. किंचित दाणेदार चित्र प्रेक्षक चालवून घेतो, पण संवाद ऐकू आला नाही तर तो उठून जातो. माइक आणि हेडफोन या दोहोंसाठी खोबण नसलेला कॅमेरा चित्रपटासाठी घेऊ नये. त्याहूनही बरे म्हणजे स्वतंत्र ध्वनिमुद्रक घ्यावा आणि प्रत्येक शॉटच्या आरंभी टाळी वाजवून पुढे चित्र व आवाज जुळवून घ्यावेत.

साठवणुकीचा खर्चही आधी मांडलेला बरा. १०० मेगाबिटच्या वेगाने तासाभराच्या चित्रणाला सुमारे ४५ जीबी जागा लागते. वीस मिनिटांच्या लघुपटासाठी दहापट चित्रण झाले तर १५० जीबी आणि दुसरी प्रत धरून ३००. प्रत एकाच डिस्कवर ठेवून मिळालेला पश्चात्ताप सांगणारे या क्षेत्रात पदोपदी भेटतात.

हे सारे पाहता, हाती दीड लाख रुपये असतील तर कॅमेरा आणि एक भिंग मिळून साठ-सत्तर हजारांच्या वर जाऊ नये. एवढ्यात नवा कॅमेरा बसेलच असे नाही. चार-पाच वर्षे वापरलेला दहा बिटचा कॅमेरा शोधावा. जुन्या हाताने फिरवायच्या निकॉन भिंगांना अडॅप्टर लावून मिररलेस कॅमेऱ्यावर उत्तम काम होते आणि ती स्वस्तही पडतात. मिनीडीव्ही कॅसेटचे कॅमेरे आता कवडीमोलाने मिळतात, त्यांच्या मोहात मात्र पडू नये. नव्या संगणकांत त्यांची फायरवायरची खोबणच नसते.

जुना कॅमेरा घेताना घाई करू नये. भिंगावर झाकण ठेवून अंधारात मिनिटभर चित्रण करावे आणि ते संगणकावर मोठे करून पाहावे. सेन्सरवरचे सदोष बिंदू पांढऱ्या वा रंगीत ठिपक्यांच्या रूपाने लगेच दिसतात. भिंग टॉर्चच्या उजेडात धरून आत बुरशीचे जाळे नाही ना, हे तपासावे. मुंबई आणि कोकणच्या दमट हवेत ही तक्रार सर्रास आढळते. मग सलग चाळीस मिनिटे चित्रण चालू ठेवावे. बॅटरी किती टिकते, अंग किती तापते आणि अर्ध्या तासाच्या आत कॅमेरा आपोआप थांबतो का, हे एकदमच कळते. युरोपातील जकातीच्या नियमामुळे जुन्या फोटो कॅमेऱ्यांना ३० मिनिटांच्या आतली मर्यादा घातलेली असे. विक्रेता एवढा वेळ द्यायला कुरकुर करू लागला तर दुसरे दुकान पाहावे. बिलावरचा अनुक्रमांक कॅमेऱ्यावरील क्रमांकाशी जुळवून घ्यावा आणि मूळ बिलच मागावे, झेरॉक्स नव्हे.