महागाईचा जाब कोणाच्या दारीं?



आज ज्या प्रश्नाचें उत्तर देण्याचें मीं योजिलें आहे, तो मला सन २०१४ सालीं एका मतदान केंद्रांत विचारला गेला. लोकसभेची निवडणूक होती. मी तेव्हां प्राथमिक शाळेंत शिक्षक होतों, आणि सरकारी हुकुमाप्रमाणें देवगड तालुक्यांतील किनाऱ्यावरच्या एका गांवीं मतदान अधिकारी म्हणून बसलों होतों. बोटाला शाई लावण्याचें काम माझ्याकडे होतें. दुपारीं, गर्दी ओसरल्यावर, मासे विकणारी एक वृद्ध बाई आली. तिच्या डाव्या तर्जनीला मीं शाई लावली. ती यंत्राच्या दिशेनें दोन पावलें गेली आणि मागें वळून म्हणाली, "गुरुजी, ह्यां बटाण दाबल्यार त्याल स्वस्त होतला काय?"

खोलींत हंशा पिकला. मतदान केंद्रांतल्या अधिकाऱ्यानें मतदाराशीं असल्या विषयावर अक्षरही बोलावयाचें नसतें. म्हणून मी मान खालीं घालून शाईची बाटली पुसूं लागलों. माझें तोंड नियमानें बांधलेलें होतें, हें खरें. परंतु नियम नसता, तर मी काय सांगणार होतों? तीस वर्षांहून अधिक काळ मुलांना नागरिकशास्त्र शिकविणाऱ्या मला त्या बाईच्या प्रश्नाचें उत्तर ठाऊक नव्हतें. आतां मी सेवानिवृत्त आहें. मालवण तालुक्यांतील तोंडवली या माझ्या गांवीं, समुद्राच्या काठीं, वर्तमानपत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचण्यास मला भरपूर वेळ मिळतो. मॅट्रिकच्या पुढें अध्यापनाच्या पदविकेखेरीज माझें शिक्षण नाहीं. तेव्हां अर्थशास्त्राचा पंडित म्हणून मी बोलत नाहीं. दरमहा वाण्याची यादी करणारा एक गृहस्थ म्हणून बोलतों.

"कोणीही निवडून आला तरी भाव वाढावयाचेच, मग मत कशाला द्यावयाचें?" हें वाक्य मीं आमच्या किनाऱ्यावर ऐकलें आहे, आणि मुंबईस नातलगांच्या चौथ्या मजल्यावरील दिवाणखान्यांतही ऐकलें आहे. ऐकावयास तें मोठें शहाणपणाचें वाटतें. परंतु त्यांत दोन घोटाळे आहेत. भाव वाढणें म्हणजे काय, हा पहिला. आणि कोणता भाव कोणाच्या हातीं आहे, हा दुसरा.

पहिल्या घोटाळ्याचा विचार आधीं करूं. "महागाई उतरली," अशी बातमी येते, आणि ती वाचून पिशवी घेऊन बाजारांत गेलेला मनुष्य चिडून परत येतो. भाव पूर्वींचेच, किंबहुना थोडे चढेच असतात. मग बातमी खोटी असते काय? नसते. एस. टी.ची गाडी फोंडाघाट चढतांना तिचा वेग कमी होतो. म्हणून ती घाट उतरूं लागली, असें आपण म्हणत नाहीं. महागाईचा दर कमी झाला, याचा अर्थ भाव चढण्याचा वेग कमी झाला, इतकाच.

हा वेग मोजण्याची एक सोपी रीत आहे. ७२ या संख्येस दरसालच्या वाढीच्या टक्क्यांनीं भागावें, म्हणजे भाव किती वर्षांत दुप्पट होतील तें अदमासें निघतें. सहा टक्के वाढ असेल तर बारा वर्षें. चार टक्के असेल तर अठरा. सन २०१६ सालीं रिझर्व्ह बँकेच्या कायद्यांत दुरुस्ती झाली, आणि ४ टक्के हें महागाईचें लक्ष्य व २ ते ६ टक्के ही तिची मर्यादा ठरविण्यांत आली. म्हणजे सर्व कांहीं ठरल्याप्रमाणें पार पडलें तरी आज शंभर रुपयांस मिळणारी वस्तु अठरा वर्षांनीं दोनशेंस मिळावयाची. ज्याचें उत्पन्न त्याच वेगानें वाढतें, त्यास ही वाढ बोचत नाहीं. माझ्या निवृत्तिवेतनावर मला महागाईवाढ मिळते. म्हणून माझी होडी कशीबशी तरंगते. रापणीच्या वांट्यावर जगणाऱ्या माझ्या शेजाऱ्यास महागाई भत्ताही नाहीं आणि निवृत्तिवेतनही नाहीं. आम्हां दोघांचा वाणी एक आणि भावही एक. तरी आमची महागाई एक नाहीं.

महागाईचा आंकडा ही सरासरी असते, हेंही ध्यानांत ठेवावें. सन २०१२ हें पायाभूत वर्ष धरून जो निर्देशांक काढीत असत, त्यांत खाद्यपेयांचा वांटा खेड्यांसाठीं शंभरांत सुमारें ५४ आणि शहरांसाठीं सुमारें ३६ धरला होता. म्हणजे तांदूळ, डाळ, तेल, भाजी यांचे भाव सारखेच भडकले तरी खेड्यास त्यांची झळ शहराच्या दीडपट लागावयाची. शहरांतल्या कुटुंबास घरभाडें आणि मुलांच्या शिक्षणाचा खर्च जड जातो. आमच्याकडे तेलाचा डबा जड जातो. तेव्हां शहरवासी श्रोत्यांनीं आपल्या घरच्या महागाईवरून साऱ्या देशाच्या महागाईचा अदमास करूं नये; आम्हीं खेडुतांनींही करूं नये.

आतां दुसरा घोटाळा. त्या बाईनें तेलाविषयीं विचारलें होतें. तेव्हां तेलाचेंच उदाहरण घेऊं. आपल्या देशास लागणाऱ्या खाद्यतेलाचा निम्म्याहून अधिक भाग बाहेरून येतो. पामतेल मुख्यतः इंडोनेशिया व मलेशिया येथून येतें; सूर्यफुलाचें तेल रशिया व युक्रेन या देशांतून येतें. सन २०२२ च्या फेब्रुवारींत युक्रेनमध्यें युद्ध पेटलें. एप्रिलच्या अखेरीस इंडोनेशियानें पामतेलाची निर्यात कांहीं आठवडे बंद केली. आणि त्या वर्षीं आपल्या स्वयंपाकघरांत फोडणीचा हात आंखडला. ही वाढ आपल्या कोणत्याही खासदारानें केलेली नव्हती.

परंतु पुढची हकीकत ऐकावी. सन २०२४ च्या सप्टेंबरांत केंद्र सरकारनें कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरील मूळ आयातकर शून्यावरून २० टक्के केला. बाहेरचें तेल महाग व्हावें आणि देशांतल्या सोयाबीनला भाव यावा, हा त्यामागील हेतु. विदर्भ-मराठवाड्यांतील सोयाबीन पिकविणाऱ्याचें हित त्यांत पाहिलें होतें. भार मात्र कढईवर पडला. सन २०२५ च्या मे महिन्याच्या अखेरीस तोच कर २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणला गेला. ही चढ आणि ही उतार आकाशांतून आलेली नव्हती. ती सरकारी कागदावर झाली, आणि त्या कागदावर सही करणारें सरकार आपल्या मतांनीं बसलेलें होतें.

यावरून त्या बाईच्या प्रश्नाचें उत्तर निघतें, आणि तें अर्धें "नाहीं" व अर्धें "होय" असें आहे. दूरचें युद्ध आणि फसलेला पाऊस बटणानें आवरत नाहींत. कर किती घ्यावा, कोणाकडून घ्यावा आणि कोणासाठीं घ्यावा, हें मात्र त्या बटणाच्या मार्गानेंच ठरतें.

तेव्हां कोणत्या भावाचा जाब कोणत्या दारीं विचारावा, याची एक लहानशी यादी करूं. घरपट्टी आणि पाणीपट्टी खेड्यांत ग्रामपंचायतीच्या दारीं, शहरांत नगरपालिकेच्या वा महानगरपालिकेच्या दारीं. एस. टी.चें भाडें राज्याच्या दारीं. सन २०२५ च्या जानेवारींत तें १४.९५ टक्क्यांनीं वाढलें. विजेचा दर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवितो. दर ठरविण्यापूर्वीं तो लोकांच्या हरकती मागवितो आणि जाहीर सुनावणी घेतो. हें दार ठोठावण्यास मतदानाच्या दिवसाची वाट पाहावी लागत नाहीं. तरी बिल आल्यावर चडफडणारे आपण सर्व, त्या सूचनेचा कागद कधीं वाचतों काय?

पेट्रोल व डिझेल यांवर केंद्राचें उत्पादनशुल्क असतें आणि राज्याचा विक्रीकरही असतो. म्हणून दोन्ही सरकारें एकमेकांकडे बोट दाखवूं शकतात. १ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या वस्तु व सेवा कराचे दर एका परिषदेंत ठरतात. तींत केंद्राच्या मताचें वजन एकतृतीयांश आणि सर्व राज्यांच्या मतांचें मिळून दोनतृतीयांश. आणि निर्णयास तीनचतुर्थांश बहुमत लागतें. म्हणजे केंद्र एकटें कांहीं करूं शकत नाहीं, आणि केंद्राला वगळून राज्येंही कांहीं करूं शकत नाहींत. जो राज्याचा मंत्री "आमच्या हातीं कांहीं नाहीं" म्हणतो तो पुरतें खरें बोलत नाहीं, आणि जो केंद्राचा मंत्री तसें म्हणतो तोही नाहीं.

वर्गांत गोंगाट चालू असतां "कोण गडबड करतो?" असें साऱ्या वर्गास विचारलें, तर एकही मुलगा उठत नाहीं. नांव घेऊन विचारलें कीं तो उभा राहतो. राज्यकारभारांतही हाच अनुभव येतो. सगळ्यांना एकदम शिव्या देणाऱ्या नागरिकास उत्तर देण्यास कोणीच बांधलेला नसतो.

जाब विचारतांना आणखी एक अडचण येते. एकाची महागाई ही दुसऱ्याची मिळकत असते. सन १९९८ च्या दिल्ली विधानसभेच्या निवडणुकींत कांद्याच्या चढलेल्या भावाचा केवढा गाजावाजा झाला, हें पुष्कळांस आठवत असेल. त्याची उलट बाजू नाशिक जिल्ह्यांत दिसली. सन २०२३ च्या डिसेंबरांत, शहरांत कांदा आटोक्यांत राहावा म्हणून, निर्यातबंदी झाली. लासलगांवच्या बाजपेठेशीं ज्यांचें पोट बांधलेलें, त्या शेतकऱ्यांत संताप उसळला. आणि सन २०२४ च्या मे महिन्यांत, लोकसभेची निवडणूक ऐन भरांत असतां, ती बंदी उठविण्यांत आली. इतक्या दूर तरी कशाला जावें? माझ्या दारीं बांगडे घेऊन येणाऱ्या बाईशीं आमच्या घरांतून घासाघीस होते, तेव्हां ती म्हणते, "डिझेल वाढलां, बाय, मी काय करू?" आणि तीच बाई पुढें वाण्याच्या दुकानांत जाऊन तेलाच्या भावावरून भांडते. दोन्ही ठिकाणीं तिचें म्हणणें खरें असतें. म्हणून "मी स्वस्ताई आणीन" असें सांगणाऱ्या उमेदवारास, ती कोणाच्या पदरांतून काढून आणणार, असें आपण विचारलें पाहिजे.

असा जाब सामान्य माणसांनीं विचारल्याचें एक उदाहरण आपल्या मुंबईंत घडलें आहे. सन १९७२ सालीं महाराष्ट्रांत दुष्काळ होता आणि भाव भडकले होते. त्या वेळीं महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिति स्थापन झाली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी या तिच्या पुढाऱ्यांत होत्या. त्यांचे पक्ष भिन्न होते. पण चुलीचा प्रश्न एक होता. गृहिणी हातांत लाटणीं घेऊन आणि थाळ्या वाजवीत रस्त्यावर आल्या. त्यांची मागणी मोघम नव्हती; धान्य, तेल, साखर, रॉकेल या नांवनिशीवार वस्तु वाजवी भावानें मिळाव्या, असें त्या सांगत. पुढें सन १९७७ च्या निवडणुकींत मृणालताई आणि अहिल्याताई लोकसभेवर गेल्या, आणि सन १९८० सालीं प्रमिलाताई गेल्या. प्रमिलाताईंचे पति मधु दंडवते हे सन १९७१ पासून १९९१ पर्यंत राजापूर मतदारसंघाचे, म्हणजे आमच्या मालवण तालुक्याचेही, खासदार होते. या बायकांनीं आधीं दार शोधलें, मग जाब विचारला, आणि मत त्यानंतर आलें. आपण बहुधा आधीं मत देतों आणि पांच वर्षें घरांत बसून कुरकुरतों.

कित्येक ठिकाणीं मतदानाच्या आदल्या रात्रीं पाकीट पोंचतें, असें आपण ऐकतों. त्याचाही हिशेब मांडून पाहावा. पाकिटांत पांचशें रुपये आहेत असें समजूं. पांच वर्षांचे दिवस होतात १,८२६. भागाकार केला म्हणजे दिवसाचे सत्तावीस पैसे पडतात. सत्तावीस पैशांत आज काड्यापेटीसुद्धां येत नाहीं. आणि तेवढ्यांत आपण जाब विचारण्याचा हक्क विकलेला असतो. पैसे देणारा पुढें निःशंक असतो. कारण त्याच्या मतें हिशेब चुकता झालेला असतो.

शेवटीं एक कबुली द्यावयाची आहे. माझें पहिलें मत मीं सन १९८४ च्या डिसेंबरांत दिलें. तेव्हां मतदानाचें वय एकवीस होतें, तें सन १९८९ सालीं अठरा झालें. त्यानंतर अनेक निवडणुकांत मीं शेंकडों बोटांना शाई लावली. परंतु त्यांपैकीं दोन निवडणुकांत माझें स्वतःचें मत पडलें नाहीं. निवडणुकीच्या कामावर असलेल्या शिक्षकास टपालानें मत देण्याची सोय असते. तिचा अर्ज मीं वेळेवर भरला नाहीं. एका मतानें काय होणार, असें मी मनांत म्हणालों. आणि नंतर वर्गांत उभें राहून मुलांना मताचें मोल शिकविलें. त्या वृद्ध बाईच्या प्रश्नानें मी खजील झालों, याचें खरें कारण हें होतें. ती आपल्या एका मताकडून कांहींतरी मागत होती. मीं माझ्या मताकडून कधीं कांहीं मागितलेंच नव्हतें.

म्हणून माझी विनंति एवढीच. पुढच्या खेपेस उमेदवार आपल्या दारीं येईल, तेव्हां "महागाई कमी करा" असें त्यास म्हणूं नका. आपल्या घरखर्चाच्या वहींतून एक वस्तु निवडा. तिच्यावरचा कर किंवा तिचा दर त्याच्या सभागृहाच्या हातीं आहे कीं नाहीं, तें आधीं पाहा. आणि त्या एका वस्तूविषयीं त्याला विचारा. उत्तर लिहून ठेवा. पांच वर्षांनीं तो पुन्हां येईल, तेव्हां ती वही त्याच्यापुढें उघडा. तेल स्वस्त होईलच, अशी हमी मला देतां येणार नाहीं. तें महाग कां झालें, हें सांगणें मात्र कोणास तरी भाग पडेल.