विश्लेषण : तान्हे बाळ आणि मोठे भावंड, दोघांसाठी एकच बाबागाडी… कोणती निवडावी?

दुसरे बाळ घरी आले की बाहेर पडण्याचे गणित बदलते. एक तान्हे, तर दुसरे दोन-तीन वर्षांचे. चालणारे, पण अर्ध्या वाटेत ‘उचलून घे’ म्हणणारे. त्यात वाटेत उखडलेले पेव्हर ब्लॉक, खड्डे आणि गतिरोधक. अशा वेळी खडबडीत रस्त्यावर चालणारी ‘ऑल-टेरेन’ बाबागाडी सोयीची वाटते. मात्र मोठ्या चाकांची प्रत्येक गाडी नवजात बाळासाठी योग्य असतेच असे नाही.

‘ऑल-टेरेन’ म्हणजे काय?

हवेची किंवा फोम भरलेली मोठी चाके, धक्के शोषणारे सस्पेन्शन आणि भक्कम सांगाडा ही या गाडीची ओळख. बहुतेक गाड्या तीनचाकी असतात. पुढचे चाक सपाट जागी मोकळे फिरते, तर खडबडीत जागी सरळ लॉक करता येते. हवेची चाके धक्के कमी करतात, पण पंक्चर होऊ शकतात. फोमच्या चाकांना ती भीती नाही. ऑल-टेरेन गाडी म्हणजे धावण्यासाठीची गाडी मात्र नव्हे. धावण्यासाठीच्या गाड्यांतही बाळ साधारण सहा ते आठ महिन्यांचे होईपर्यंत धावू नये, असे बहुतेक उत्पादक सांगतात.

नवजात बाळासाठी कळीचा मुद्दा कोणता?

पाठ सपाट राहणे. तान्ह्या बाळाला मान सावरता येत नाही. उभट सीटवर हनुवटी छातीला टेकली, तर श्वासमार्ग अरुंद होऊ शकतो. त्यामुळे साधारण सहा महिन्यांपर्यंत पूर्ण आडवी होणारी सीट किंवा कॅरीकॉट हवाच. जोडगाडी घेताना दोन्हीपैकी नेमकी कोणती सीट सपाट होते, हे दुकानातच उघडून पाहावे.

दोघांसाठी कोणती रचना सोयीची?

शेजारी-शेजारी सीट : दोघांनाही समोरचे दिसते, तोल चांगला राहतो, पण रुंदी जास्त.

मागे-पुढे सीट : अरुंद वाटेतून जाते, पण गाडी लांब, वळवायला आणि पायरीवर चढवायला जड. मोठे मूल आधी उतरवल्यास काही गाड्या कलंडू शकतात.

एकेरी गाडी आणि मागे उभे राहण्याची फळी : भावंड तीन वर्षांच्या आसपास असेल तर हलका आणि स्वस्त पर्याय. मात्र फळीवर झोपता येत नाही.

तान्हे बेबी कॅरिअरमध्ये आणि मोठे एकेरी गाडीत, हाही मार्ग आहेच. रोजचे अंतर कमी असेल तर जोडगाडीचा खर्च त्याने टळू शकतो.

खरेदीआधी काय मोजावे?

लिफ्टचे दार, घराचे दार आणि मोटारीची डिकी. शेजारी-शेजारी सीटची गाडी साधारण ७० ते ८० सेंटिमीटर रुंद असते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पदपथ किमान १.८ मीटर रुंद असावा आणि त्याची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावी. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी पदपथ याहून उंच आणि अडथळ्यांनी भरलेले असतात. दोन मुलांसह गाडी उचलावी लागणार असेल, तर तिचे वजन हा निर्णायक मुद्दा ठरतो.

सुरक्षेसाठी काय तपासावे?

युरोपचे ‘ईएन १८८८’ किंवा अमेरिकेचे ‘एएसटीएम एफ८३३’ मानक, प्रत्येक सीटला पाच बिंदूंचा पट्टा, पक्का ब्रेक आणि प्रत्येक सीटची वजनमर्यादा. झटपट निघणारे पुढचे चाक नीट बसले आहे का, हे दर वेळी पाहावे. अशी चाके सुटून होणाऱ्या अपघातांवरून अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने २०१८ मध्ये एका कंपनीविरुद्ध कारवाई सुरू केली होती. हँडलला जड पिशव्या अडकवल्यास गाडी मागे उलटू शकते. उन्हापासून आडोसा म्हणून गाडीवर ओढणी किंवा दुपटे टाकू नये. आत हवा कोंडून उष्णता झपाट्याने वाढते. त्याऐवजी छत ओढावे आणि सावलीतून चालावे.