एंटरप्राइझ आर्किटेक्चर म्हणजे काय? कर्जमाफीच्या यादीवरून समजून घ्या
अकोला-अमरावतीकडच्या कापूस उत्पादकाचे नाव सातबारावर एका प्रकारे, बँकेत दुसऱ्या, तर आधारवर तिसऱ्याच प्रकारे लिहिलेले असू शकते. २०१७ च्या कर्जमाफीत शेतकऱ्यांनी आधी ऑनलाइन अर्ज भरले. मग ते बँकांच्या माहितीशी जुळवताना तफावती निघाल्या आणि याद्या रखडल्या. २०१९ च्या महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत क्रम बदलला. बँकांनी आधार जोडलेली कर्जखाती आधी कळवली. शेतकऱ्याने यादीतली रक्कम पाहून अंगठा लावायचा. अर्ज नव्हताच.

कोणती माहिती कोणाकडे राहील आणि ती कशावरून जुळेल, हे आधीच ठरवणारा संपूर्ण संस्थेचा आराखडा म्हणजे एंटरप्राइझ आर्किटेक्चर. तो नसला, तर महागडे सॉफ्टवेअर घेऊनही शेतकरी रांगेतच राहतो.